मेंदूची जडणघडण

नुकत्याच जन्मलेल्या बालकाचा मेंदू सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचा असतो. सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या जवळपास पोचतो. मग पुढे त्याचा विकास थांबतो काय? मुळीच नाही!

बालपणी मज्जापेशींमध्ये गरजेहून अधिक जोडण्या निर्माण होतात. त्यांतील पुष्कळशा पुढे नाहीशा होतात, असे पीटर हटनलॉकर या शास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवून दिले. शेतकरी दाट उगवलेल्या बाजरीची विरळणी करतो, तशीच ही निसर्गाची विरळणी होय. वारंवार उपयोगात येणाऱ्या जोडण्या बळकट होतात. बाकीच्या गळून पडतात.

सारासार विचार करणारा, मनाला आवर घालणारा कपाळामागील भाग सर्वांत शेवटी, विशी उलटल्यावर परिपक्व होतो. भावना मात्र कुमारवयातच उसळू लागतात. म्हणूनच या वयात क्षुल्लक कारणाने राग अनावर होतो आणि मागाहून पश्चात्ताप होतो.

मुलांनो, हे कारण खरे. पण त्याची सबब करू नका. वाचन, खेळ, संयम यांपैकी जे आज नित्य कराल, त्याचीच वाट मेंदूत रुळेल.

स्वाध्याय

१. मेंदूच्या वाढीला विरळणीची उपमा का दिली आहे?
२. ‘सबब करणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.