एका सॉकेटवर अनेक तारा

घरातील सॉकेटचे झाकण उघडल्यास आत तीनच तारा असतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तेथे पाच-सहा किंवा त्याहूनही अधिक तारा आढळून येतात. घर बांधतेवेळी बसविलेल्या सॉकेटांवर पुढे भागत नाही, हे त्याचे कारण होय. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील वस्त्यांवर स्वयंपाकघरातील सॉकेटवरून तार ओसरीवर नेली जाते, ओसरीवरून ती गोठ्यात जाते आणि तिच्यावर कडबाकुट्टीचे यंत्र चालते. अशा साखळीतील मधल्या प्रत्येक सॉकेटवर एक तार येणारी व एक पुढे जाणारी, याप्रमाणे लाल रंगाच्या फेजच्या दोन, काळ्या न्यूट्रलच्या दोन व हिरव्या अर्थिंगच्या दोन तारा असतात. जुन्या घरांतून मात्र सर्व तारा एकाच रंगाच्या असण्याचा संभव असल्याने केवळ रंगावर विसंबून राहू नये.

यांपैकी कोणती तार सैल झाली, यावर परिणाम अवलंबून असतो. फेजची तार सुटल्यास पुढील उपकरणे बंद पडतात व दोष ध्यानात येतो. न्यूट्रल सुटल्यासही ती बंद पडतात, पण फेज तेथे हजरच असतो. वीज गेली असे समजून हात घालणारा फसतो. हिरवी तार सुटली तर काहीच घडत नाही. दिवा लागतो, यंत्र फिरते. मोटारीचे वेष्टन जळून तिच्या लोखंडी अंगात 230 व्होल्टचा दाब उतरेल, त्या दिवशीच काय ते कळते, आणि तेव्हा यंत्राजवळ माणूस किंवा जनावर उभे असते. ओल्या जमिनीवर चार पाय टेकून उभ्या असलेल्या गाईम्हशीला माणसाहून कमी दाबाचा धक्काही प्राणघातक ठरतो.

म्हणून हिरव्या तारेची जोडणी अशी असावी की मधला सॉकेट काढला तरी पुढील अर्थिंग तुटू नये. येणारी तार, जाणारी तार व सुमारे वीतभर लांबीची तिसरी आखूड तार, अशा तिन्ही तारा कनेक्टरमध्ये घट्ट आवळाव्यात आणि आखूड तारेचे मोकळे टोक सॉकेटला जोडावे. न्यूट्रललाही हीच पद्धत लावणे श्रेयस्कर होय. सॉकेटच्या एका भोकात तीन तारा कोंबणे केव्हाही इष्ट नाही. तार मावत नाही म्हणून तिचे काही पदर कापून टाकण्याची खोड अनेक कारागिरांना असते. उरलेले पदर तापतात आणि आवरण वितळते. तांबे व अॅल्युमिनियम यांच्या तारा एकमेकींस पिळून जोडू नयेत.

साखळीतील पहिल्या तारेतून पुढील सर्व उपकरणांचा भार वाहत असतो, हेही विसरता कामा नये. 16 अँपिअरच्या सॉकेटला तांब्याची किमान 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची तार हवी. अंतर अधिक असल्यास 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी. कडबाकुट्टीसाठी तर मेन स्विचपासून स्वतंत्र तारच ओढावी. दिव्याच्या तारेवर ती चालविणे ही काटकसर नव्हे.

दोनच तारांची जोडणी असलेल्या जुन्या वाड्यांतून तीन पिनांचा सॉकेट बसवून त्याचे अर्थिंगचे भोक न्यूट्रलला जोडलेले आढळते. हा प्रकार अत्यंत घातक आहे. मागे कोठेही न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या अंगातच फेज उतरतो. तिसरी तार ओढणे हाच यावर खरा उपाय होय.

हिरवी तार अखेरीस जमिनीत जाते. येवला, सिन्नरकडील मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, तर गोदाकाठच्या काळ्या जमिनीस भेगा पडून ती अर्थिंगच्या नळीपासून सुटते. दोन्ही ठिकाणी फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात नियमित पाणी घालावे. याखेरीज मेन स्विचशेजारी 30 मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे आर.सी.सी.बी. अवश्य बसवावे व त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते अर्थिंगची जागा घेत नाही, तसेच फ्यूजचीही घेत नाही.

कायद्यान्वये नवीन तारजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावयाचे असते. घरमालकाने काम संपताच मेन स्विच बंद करवून प्रत्येक सॉकेटचे वरचे मोठे भोक आणि मुख्य अर्थिंगचा खिळा यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून दाखविण्यास सांगावे. रोध एक ओहमहून कमी भरला पाहिजे. टेस्टरचा दिवा पेटला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण तो फक्त फेज दाखवितो, अर्थिंग दाखवीत नाही. ही तपासणी साखळीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे गोठ्यातील सॉकेटपासून सुरू करावी.