प्रोस्टेटचा कर्करोग आणि सहरुग्णांचा आधार

साठीच्या पुढील पुरुषाला रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठावे लागू लागले, की घरात त्याकडे वयाचा परिणाम म्हणून पाहिले जाते. पुष्कळदा तो समज खराही असतो. काही जणांत मात्र याच वयात, याच ठिकाणी कर्करोग मूळ धरीत असतो. प्रस्तुत लेखात या रोगाची थोडक्यात ओळख करून दिली आहे. त्याच्यासह जगताना रुग्णाला कोणत्या अडचणी येतात आणि त्यांत दुसरा रुग्ण कोणती मदत करू शकतो, याचाही विचार केला आहे.

रोगाची ओळख

प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातील ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो. वयाबरोबर ती वाढते व ही वाढ बहुतेकांत साधी असते. कर्करोग आरंभी बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. तो हाडांत पसरला, की कंबर व पाठ दुखू लागते. आष्टा परिसरात आयुष्यभर उसाच्या रानात राबलेल्या माणसाला कंबरदुखी नवी नसते. त्यामुळे मलम आणि शेक यांतच कित्येक महिने निघून जातात. अशा रुग्णाच्या पायांतील शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

निदानासाठी डॉक्टरांची हाताने तपासणी, पीएसए ही रक्ततपासणी, आवश्यकतेनुसार एमआरआय आणि ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायॉप्सी, हे मार्ग आहेत. पीएसएचा आकडा वाढला म्हणजे कर्करोगच झाला, असे नव्हे. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो. म्हणून केवळ एका आकड्यावरून धीर सोडू नये आणि पुढील तपासणी टाळूही नये.

हा रोग पुष्कळांत संथ गतीने वाढतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार मिळाले, तर काहींना नियमित देखरेखीखाली ठेवले गेले. सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांतील जवळपास ९७ टक्के पुरुष या रोगाने दगावले नव्हते. उशिरा कळलेल्या, पसरलेल्या रोगाला हे आकडे लागू होत नाहीत. परंतु तेथेही उपचार आहेत. पुरुष-संप्रेरक कमी केले असता हा रोग मागे हटतो, हे शिकागो येथील डॉ. चार्ल्स हगिन्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ साली दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही संप्रेरक-उपचार हा पसरलेल्या रोगावरील उपचारांचा पाया आहे. तो ठरावीक मुदतीने इंजेक्शने देऊन करता येतो, किंवा अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया करून. इंजेक्शनांचा खर्च पुनःपुन्हा येतो, शस्त्रक्रियेचा एकदाच. मात्र हा निर्णय केवळ खर्चाचा नसतो.

न बोलली जाणारी दुखणी

तात्पर्य, अनेक रुग्णांना या रोगाबरोबर पुष्कळ वर्षे काढावयाची असतात. त्या वर्षांतील अडचणी कोणत्या? शस्त्रक्रियेनंतर काही काळ, क्वचित कायमचेही, लघवीवर ताबा राहत नाही. खोकला आला वा ओझे उचलले, की कपडे ओले होतात. संप्रेरक-उपचाराने अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, मन खिन्न होते. लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होते. अंडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच ‘आता मी पुरुष राहणार नाही’ हा विचार मनात येतो आणि काही जण पुढील तारखेला रुग्णालयात येतच नाहीत.

आपल्याकडील पुरुष पारावर, तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात पावसापासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर बोलतो. या विषयावर मात्र गप्प असतो. मुलाशी बोलण्यात संकोच असतो, सुनेसमोर तर प्रश्नच नाही. घरातील आबा लग्नकार्याला जाणे टाळू लागतात, एसटीचा प्रवास नको म्हणतात, संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. घरच्यांना तो वृद्धापकाळचा हट्ट वाटतो. खरे कारण पत्नीला ठाऊक असते, कारण धुणे तिच्या हातून जाते. परंतु तीही कोणाशी बोलत नाही.

सहरुग्ण काय देतो

डॉक्टर रोग समजावून सांगतात, परंतु ‘हे मलाही झाले होते’ असे सांगणारा माणूस निराळा असतो. एक साधे उदाहरण घेऊ. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात. आष्ट्याहून त्यासाठी सांगली-मिरजेकडे रोज जाणे-येणे करावे लागते. या उपचाराच्या वेळी मूत्राशय बेताने भरलेले असावे, असे सहसा सांगितले जाते. नवा रुग्ण घरूनच पाणी पिऊन निघतो आणि वाटेतच त्याची तारांबळ उडते. आधी त्या वाटेने गेलेला रुग्ण सांगतो, ‘पाणी तिथे पोहोचल्यावर, तिथले लोक सांगतील तेवढेच प्या, आणि पिशवीत एक जादा धोतर किंवा पायजमा ठेवा.’ ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम किती दिवस नेटाने केले, शोषक पॅड कोठे मिळतात, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे आधी जमवावीत, हेही त्याच्याकडून सहज कळते.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत १९५२ साली टेरेसी लॅसर या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने इतर रुग्ण स्त्रियांच्या भेटी घेण्यास आरंभ केला आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचे ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ याच तत्त्वावर काम करते.

अशा आधाराने आयुष्य वाढते काय? १९८९ साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला एकत्र बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, तर इतर १८.९ महिने, असे त्यात आढळले. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. परंतु कॅनडातील २३५ स्त्रियांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास निराळा निघाला. गटात बसल्याने आयुष्य वाढले नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदनांची तीव्रता कमी झाली, आणि अधिक त्रासलेल्या स्त्रियांना अधिक लाभ झाला. म्हणून सहरुग्णांचा गट हे औषध आहे, असे कोणी सांगू नये. दुःख हलके होणे हाच त्याचा लाभ आहे आणि तो लहान नाही.

काही पथ्ये

गट चालविताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

१. कोणीही दुसऱ्याला औषध सुचवू नये किंवा बंद करण्यास सांगू नये. ते काम डॉक्टरांचे.

२. पीएसएच्या आकड्यांची स्पर्धा करू नये. प्रत्येकाचा रोग, वय व उपचार भिन्न असतात.

३. बैठकीत ऐकलेले बाहेर सांगू नये. लहान गावात ही अट सर्वांत महत्त्वाची होय.

४. हमखास गुण येण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींना बैठकीत थारा देऊ नये.

५. रुग्णांच्या पत्नींसाठी निराळी बैठक असावी. त्यांचे प्रश्न निराळे असतात आणि पुरुषांसमोर ते निघत नाहीत.

६. गटातील एखादा सदस्य दगावला, तर ती गोष्ट लपवू नये. उरलेल्यांना त्याविषयी बोलू द्यावे. त्या बैठकीस समुपदेशक किंवा परिचारिका उपस्थित असणे हिताचे.

विश्वस्त, देणगीदार व कुटुंबीयांस

धर्मादाय रुग्णालयाला अशा कामासाठी यंत्रसामग्री लागत नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस, दार लावून घेता येईल अशी एक खोली, तिच्यालगत स्वच्छतागृह आणि शांतपणे ऐकून घेणारी एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. शेवटची सोय क्षुल्लक वाटेल; पण खोलीजवळ स्वच्छतागृह नसेल, तर हे रुग्ण येणारच नाहीत. देणगीदारांना हातभार लावावयाचा असल्यास शोषक पॅड, लांबून येणाऱ्यांचे प्रवासभाडे आणि हाडांच्या बळकटीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे, या गोष्टी गरीब रुग्णाच्या नित्य गरजेच्या आहेत.

कुटुंबीयांना एकच विनंती. घरातील वडीलधारे प्रवास टाळू लागले, पाणी कमी पिऊ लागले, तपासणीची तारीख चुकवू लागले, तर रागावू नये. एकांतात विचारावे. आपल्याशी बोलणे त्यांना जमत नसेल, तर हाच आजार सोसलेल्या गृहस्थाशी त्यांची गाठ घालून द्यावी आणि आपण थोडा वेळ बाहेर थांबावे.