आटे जुळले, पण प्लग जुळला का?

शेतातला फवारणी पंप, पाणी उपसणारे छोटे पेट्रोल इंजिन किंवा दुकानातला जनरेटर सुरू होईना, की पहिला संशय स्पार्क प्लगवर येतो. जुना प्लग खिशात घालून माणूस बाजारात जातो आणि तसाच दिसणारा नवा घेऊन येतो. तो जागेवर बसतो, इंजिनही सुरू होते. मग काम झाले का? नाही. आटे जुळूनही प्लग चुकीचा असू शकतो आणि त्याची किंमत कधी कधी इंजिनाला मोजावी लागते. याचे कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातल्याच विज्ञानात आहे.

फट किती असावी?

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामधली फट ओलांडून वीज उडी मारते, तीच ठिणगी. नेहमीच्या दाबाच्या हवेतून १ मिलिमीटर उडी मारण्यासाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. पण इंजिनात दट्ट्याने पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबलेले असते. वायू जितका दाट, तितके ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. दाब, अंतर आणि व्होल्ट यांचा हा संबंध फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडला. त्यामुळे अवघ्या पाऊण मिलिमीटरच्या फटीलाही इंजिनात दहा हजार व्होल्टच्या पुढे जावे लागते.

ठिणग्यांमुळे इलेक्ट्रोड झिजतात आणि फट रुंदावते. दोरी ओढून इंजिन सुरू करताना चुंबकाचे चाक सावकाश फिरते, म्हणून व्होल्टही कमी मिळतात. मग रुंद फट ओलांडली जात नाही. उलट फट फारच अरुंद असली, तर ठिणगी इतकी लहान पडते की मिश्रण नीट पेटत नाही.

आट्यांची लांबी

छोट्या इंजिनांचे पुष्कळसे प्लग १४ मिलिमीटर व्यासाचे असतात, पण आट्यांच्या भागाची लांबी मात्र निरनिराळी असते. १२.७ आणि १९ मिलिमीटर या दोन लांब्या नेहमी आढळतात. व्यास सारखा, म्हणून एकाच्या जागी दुसरा सहज फिरतो. लांब प्लग आखूड भोकात बसवला, तर त्याचे टोक ६ मिलिमीटरहून जास्त आत घुसते. दट्ट्या किंवा झडप त्याच्यावर आदळू शकते. आखूड प्लग खोल भोकात बसवला, तर ठिणगी खोबणीत लपते आणि मोकळ्या आट्यांत काजळी साचते. पुढे योग्य प्लगसुद्धा तिथे नीट बसत नाही.

'गरम' आणि 'थंड' प्लग

इथे मोठा गैरसमज आहे. गरम प्लगची ठिणगी अधिक तापट असते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हा भेद ठिणगीचा नसून उष्णतेच्या निचऱ्याचा आहे. मधल्या इलेक्ट्रोडभोवती ॲल्युमिनाचे पांढरे, चिनी मातीसारखे दिसणारे नाक असते. जळत्या वायूची उष्णता या नाकातून प्लगच्या लोखंडी अंगात आणि तेथून इंजिनाच्या डोक्यात जाते. नाक लांब असेल तर वाट लांब, निचरा मंद आणि टोक जास्त तापते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर निचरा जलद. हा थंड प्लग.

टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. ४५० च्या खाली काजळी जळून जात नाही. ती साचली की वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीतूनच वाहून जाते. ८५० च्या बरेच वर गेले, तर लाल झालेले टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवते. दट्ट्या अजून वर येत असतानाच आग लागते, उष्णता भयंकर वाढते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते.

क्रमांक वाचायला शिका

होंडाच्या जीएक्स १६० या इंजिनाला 'बीपीआर ६ ई एस' हा एनजीके कंपनीचा प्लग चालतो. त्यात 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, 'पी' म्हणजे पुढे आलेले नाक, 'आर' म्हणजे रेडिओतील खरखर टाळणारा आतला रोध, '६' हा उष्णता-क्रमांक आणि 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. शेवटचा 'एस' इलेक्ट्रोडचा प्रकार सांगतो. 'ई'च्या जागी 'एच' असला की लांबी १२.७ मिलिमीटर होते. एका अक्षराचा एवढा फरक!

आणखी एक सावधगिरी. एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन या कंपन्यांचे उलट आहे, आकडा मोठा तर प्लग गरम. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नये. इंजिनाच्या माहितीपुस्तकातला क्रमांक किंवा प्लग-कंपनीचा तक्ता पाहावा. जुन्या प्लगवरच विसंबू नये, कारण आधीच कोणी चुकीचा बसवलेला असू शकतो.

बसवताना

इंजिन थंड होऊ द्यावे. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवावा. पहिल्यापासून पाना लावला आणि आटे तिरपे चढले, तर ॲल्युमिनियमचे डोके खराब होते. नवा प्लग टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर असते, म्हणजे त्याखालचा वॉशर ०.६ मिलिमीटरच्या आसपास दाबला जातो.

हे करून पाहा

गॅरेजमधून टाकून दिलेले चार-पाच प्लग मागून आणा. आट्यांची लांबी पट्टीने आणि फट फीलर गेजने मोजा. नाकाचा रंग पाहा. फिकट तपकिरी रंग योग्य तापमान दाखवतो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी किंवा प्लग जास्त थंड. पांढरेफटक, फोड आलेले नाक म्हणजे अति ताप. चालू इंजिनाच्या प्लगला मात्र हात लावू नका.

प्रश्न

१. १२.७ मिलिमीटर लांबीच्या प्लगवर साधारण किती आटे मोजता येतील?
२. दिवसभर पूर्ण भाराने चालणाऱ्या इंजिनाचा प्लग पांढराफटक होत असेल, तर थंड प्लग घालण्याआधी इंजिनात काय काय तपासाल?