मोनो सरोवर आणि आपला नळ

बालमित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही वर्गाबाहेरच्या नळावर पाण्याच्या बाटल्या भरता. हे पाणी कुठून येते, असे आम्ही एकदा विचारले. छोट्या गटातून लगेच उत्तर आले, "नळातून!" उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. म्हणून आजचा हा धडा.

लॉस एंजेलिसमध्ये पाऊस बेताचाच पडतो. शहराला लागणारे बरेचसे पाणी शेकडो मैलांवरून आणावे लागते. त्यातले काही पाणी सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी असलेल्या मोनो सरोवराच्या ओढ्यांतून येते. या नळापायी ते सरोवर एकेकाळी मरणपंथाला लागले होते. ते कसे वाचले, ते पाहू या.

सरोवर कसे आहे?

मोनो सरोवर लाखो वर्षांचे जुने आहे. डोंगरावरचा बर्फ वितळून त्यात पाणी येते, पण बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे ते समुद्राहून दुपटीपेक्षा जास्त खारट आहे. त्यात एकही मासा जगत नाही. मात्र इवल्याशा कोळंब्या आणि काठावरच्या माश्या तिथे अगणित आहेत. त्या खायला लाखो पक्षी येतात. कॅलिफोर्नियाचे कुरव, म्हणजे सीगल, सरोवरातल्या बेटांवर घरटी करतात.

तुमच्यापैकी कोणी सुट्टीत महाराष्ट्रात गेले, तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जरूर पाहा. उल्का आदळून झालेल्या विवरातले तेही पाणी असेच कोंडलेले, खारट आणि अल्कधर्मी आहे.

पाणी कुठे गेले?

शहराने 1913 मध्ये ओवेन्स खोऱ्यातून लांबलचक जलवाहिनी आणली. पुढे 1920 च्या दशकात ओवेन्स सरोवर कोरडे पडले आणि तिथे धूळ उडू लागली. शहर वाढतच होते. 1941 मध्ये जलवाहिनी आणखी उत्तरेला पोचली आणि मोनो सरोवराला मिळणाऱ्या पाच मुख्य ओढ्यांपैकी चारांचे पाणी वळवले गेले. 1970 मध्ये दुसरी जलवाहिनी सुरू झाल्यावर उपसा आणखी वाढला.

हिशेब सोपा आहे. आत येणारे पाणी घटले, वाफ होणारे घटले नाही. 1941 मध्ये पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 6,417 फूट होती. 1982 मध्ये ती 6,372 फुटांवर आली. म्हणजे 45 फूट, चार मजली इमारतीएवढी घट! सरोवरातले निम्मे पाणी संपले आणि खारटपणा दुप्पट झाला.

आज पर्यटक तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या मनोऱ्यांचे फोटो काढतात. त्यांना टूफा म्हणतात. ते पाण्याखाली तयार होतात. आज ते उघड्यावर दिसतात, कारण पाणी उतरले.

घरी करून पाहा

एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात एक चमचा मीठ विरघळवा. पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि पेला उन्हात ठेवा. पाणी निम्मे होईल, तेव्हा मीठ किती उरले असेल? तेवढेच! म्हणून उरलेले पाणी दुप्पट खारट. मोनो सरोवरात हेच झाले.

माणसे एकत्र आली

1976 च्या उन्हाळ्यात काही विद्यार्थ्यांनी सरोवराकाठी राहून पक्षी, कोळंब्या आणि पाणी यांचा अभ्यास केला. उपसा असाच चालला तर कोळंब्या संपतील आणि पक्षी उपाशी राहतील, हे त्यातून दिसू लागले. 1978 मध्ये डेव्हिड गेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मोनो लेक कमिटी स्थापन केली. काठावरचे ली व्हायनिंग हे अगदी छोटे गाव. समोर होते अमेरिकेतले एक बलाढ्य शहर.

1979 पर्यंत पाणी इतके उतरले, की नेगिट बेट जमिनीला जोडले गेले. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे प्राणी, चालत बेटावर पोचले आणि हजारो कुरवांनी घरटी सोडली.

या लोकांनी काय केले? गेन्स गावोगाव स्लाइड दाखवत हिंडले. लोकांनी ओढ्याचे पाणी बादल्यांत भरून चालत नेऊन सरोवरात ओतले. काहींनी तर लॉस एंजेलिसहून सायकलवर बाटल्यांतून पाणी परत आणले! बादलीभर पाण्याने सरोवर भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण ते पाहून वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या आणि शहरातल्या लोकांना सरोवराचे नाव कळले.

न्यायालयात

1979 मध्ये ऑडुबॉन सोसायटी, मोनो लेक कमिटी आणि इतरांनी दावा लावला. शहराजवळ पाण्याचे रीतसर परवाने होते. तरीही 1983 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. अशी सरोवरे सर्व जनतेची ठेव आहेत आणि सरकार त्यांचे विश्वस्त आहे. म्हणून परवाना दिला की काम संपले, असे नाही. त्याचा पुन्हा विचार करता येतो. मात्र शहराची गरजही विचारात घ्यावी, असेही न्यायालय म्हणाले.

अखेर 1994 मध्ये राज्याच्या जल मंडळाने 6,392 फूट ही पातळी ठरवून दिली. पातळी 6,377 फुटांखाली गेली तर शहराला तिथून थेंबही मिळणार नाही; त्यावर किती मिळेल, याचेही नियम ठरले. आमच्यासारख्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा निर्णय चटकन समजतो: 'जर असे, तर तसे'.

शहराचे काय?

आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग हा. शहर तहानलेले राहावे, असे कमिटी कधीच म्हणाली नाही. दुसऱ्या कुठल्या नदीचे पाणी ओढून हा प्रश्न सोडवायचा, हेही तिला मान्य नव्हते. पाण्याची बचत आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी तिने शहराबरोबर काम केले. कमी पाणी लागणारे संडास घरोघर बसवण्यात पूर्व लॉस एंजेलिसमधल्या आयांच्या संघटनेने पुढाकार घेतला. लोकसंख्या वाढली, तरी त्या प्रमाणात शहराचे पाणी वाढले नाही. सरोवर वाचवण्यात न्यायाधीशांइतकाच या घरांचाही वाटा आहे.

काम मात्र पुरे झालेले नाही. पातळी 1982 पेक्षा वर आहे, पण ठरवलेली 6,392 फुटांची रेषा सरोवराने अजून गाठलेली नाही. म्हणून दात घासताना नळ बंद करा, असे आई सांगते तेव्हा कंटाळू नका. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला एक कुरव घरटे बांधत असतो.

शब्दार्थ
क्षार – पाण्यात विरघळलेले मिठासारखे पदार्थ
उपसा – पाणी काढून घेणे
मरणपंथाला लागणे – मरणाच्या जवळ जाणे
ठेव – सांभाळण्यासाठी सोपवलेली वस्तू
विश्वस्त – दुसऱ्याची ठेव सांभाळणारा

प्रश्न
1. मोनो सरोवराचे पाणी खारट का आहे?
2. 1941 ते 1982 या काळात पातळी किती फूट उतरली? वर्षाला सरासरी किती?
3. बादल्यांनी सरोवर भरणार नव्हते. मग लोकांनी त्या का नेल्या?
4. (आईबाबांच्या मदतीने) भारतातल्या तुमच्या आजोळी पाणी कुठून येते? फोनवर आजी-आजोबांना विचारा आणि पाच वाक्ये लिहून आणा.