उन्हाळ्यातील श्वानक्रीडा

प्रश्न : उन्हाळ्यात आमचा कुत्रा दिवसभर पडून असतो. त्याला खेळवावे कसे? (एक वाचक, सावनेर)

उत्तर : ज्या मुलखात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे, मुख्यत्वे धापा टाकूनच देहाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या या प्राण्याने दुपारी निश्चेष्ट पडावे, हे आळसाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण होय. तेव्हा चेंडूमागची धावपळ भल्या पहाटे उरकावी. दुपारी मात्र गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवून ते हुडकण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवावी, कारण हुंगून शोध घेण्यात त्याची बुद्धी गुंतते आणि अंगही फारसे तापत नाही. दगड फेकून आणावयास लावू नये, दात तुटतात. धाप न थांबता तोल जाऊ लागल्यास अंगावर पाणी ओतून त्यास विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.