मी नाताळच्या उपासनेला जाऊ का?

प्रश्न : शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी अबोला आहे. मनात राग ठेवून नाताळच्या उपासनेला गेलो, तर देव शिक्षा करील अशी भीती वाटते. यंदा घरीच थांबू का?
– एक वाचक, बुऱ्हाणपूर

उत्तर : घरी थांबू नका. नाताळ निष्पाप माणसांचाच, हा गैरसमज आहे. ख्रिस्त पापी माणसासाठीच आला. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांची भीती आधी घालवतो, मग जन्माची वार्ता देतो.

मात्र पश्चात्ताप कृतीत उतरावा. मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. करंज्यांचा डबा घेऊन त्याच्याकडे जा. अवघड वाटल्यास पाळकांना मध्यस्थी करायला सांगा. बांधाचा वाद मोजणीने सुटेल. भीतीने झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांनाही भेटा. भावाने दार उघडले नाही, तरी उपासनेला नक्की जा.