सिंहगडाची चढण आणि भाकरीचा हिशेब

अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला अनुनाद नळीपाशी उभा असलेला एक विद्यार्थी एकदम खाली बसला. घेरी आली होती. पाणी आणि गूळ-शेंगदाणे पोटात गेल्यावर तो सावरला, तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. दोन महिन्यांपासून स्वारी वजन उतरवण्याच्या मागे होती. दर रविवारी सिंहगड, रोज सकाळी धावणे, आणि दुपारचे जेवण पूर्ण बंद. "सर, पहिल्या पंधरवड्यात चार किलो उतरलं. आता तीन आठवडे काटा जागचा हलत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माझ्यापुरता बंद पडला का?"

प्रश्न चेष्टेने विचारलेला असला तरी उत्तम होता. तो नियम कोणापुरताच बंद पडत नाही. चूक असते ती आपल्या जमाखर्चात. चला, तो हिशेब मांडून पाहू.

आधी खर्चाची बाजू. त्याचे वजन ७० किलो. आतकरवाडीपासून गडावर पायी जाताना आपण ढोबळ मानाने ६०० मीटर उंची गाठतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार: ७० × ९.८ × ६०० = ४,११,६०० ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४१८६ ज्यूल. भागाकार केला की उत्तर येते अवघे ९८ किलोकॅलरी! घामाने शर्ट भिजला, पोटऱ्या भरून आल्या, आणि कार्य झाले ते इतकेच.

मात्र स्नायू हे यंत्र आहे आणि कोणत्याही यंत्राप्रमाणे त्याची कार्यक्षमता शंभर टक्के नसते. चढताना ती साधारण वीस ते पंचवीस टक्के भरते. वीस टक्के धरली तर ९८ किलोकॅलरींचे कार्य करण्यासाठी सुमारे ४९० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. उतरताना खर्च बराच कमी होतो. तो आणि वाटेतली आडवी चाल धरून संपूर्ण फेरीचे ६०० लिहू.

आता जमेची बाजू. गडावर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी न खाता परतणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी असतात. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरले तर एक भाकरी २४० ची, दोन ४८० च्या. पिठल्यातले बेसन आणि फोडणीचे तेल मिळून आणखी दोनशेच्या आसपास. फेरीची सगळी कमाई इथेच संपली. कांदा भजी आणि मडक्यातले दही अजून पानात यायचेच आहे.

"पण सर, गडावरून आल्यावर वजन केलं तर एक किलो कमी भरतं." भरतेच. पण तो एक किलो कशाचा? चढताना खर्च झालेल्या ४९० किलोकॅलरींपैकी ९८ उंची गाठण्यात गेल्या आणि उरलेल्या सुमारे ३९० ची उष्णता झाली. ती शरीराबाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. त्वचेच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी अप्रकट उष्मा लागतो. म्हणजे सारी उष्णता घामानेच गेली असे मानले तर जवळजवळ पाऊण लीटर पाणी उडाले. ठिबकून वाया गेलेला घाम निराळा. काट्याने दाखवली ती पाण्याची घट, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ती भरून निघते. तशी ती भरून काढलीच पाहिजे.

पहिल्या पंधरवड्यातल्या चार किलोंतही पाण्याचा वाटा मोठा होता. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची पिष्टमय साठवण असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की आधी ही शिल्लक मोडली जाते आणि सोबतचे पाणीही जाते. काटा झरझर उतरतो आणि माणूस हुरळतो. चरबीचे तसे नाही. शरीरातल्या एक किलो चरबीत, तिच्यातील थोडे पाणी वगळून, सुमारे ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. तेवढ्यासाठी भाकरी न वाढवता सिंहगडाच्या तेरा फेऱ्या हव्यात.

आता मूळ प्रश्न: खाणे इतके कमी करूनही काटा का थांबला? कारण खर्चाचा आकडा अचल नसतो. विश्रांतीतही ७० किलोचा तरुण दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी वापरतो. त्याचे ज्यूल करून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा, म्हणजे सुमारे ८२ वॉट येतील. आपण प्रत्येक जण जुन्या पिवळ्या दिव्यासारखे अखंड जळत असतो. खाणे फार तोडले की शरीर ही ज्योतच बारीक करते.

याचा पुरावा एका प्रसिद्ध प्रयोगात मिळाला. १९४४-४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे जाणण्यासाठी, ॲन्सेल कीज यांनी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले. दिवसाला साधारण १६०० किलोकॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. वजने सुमारे एक-चतुर्थांशाने घटली, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याहून जास्त, सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. शरीर लहान झाले म्हणून काही घट होणारच होती. बाकीची शरीराने काटकसर करून साधली. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, स्नायू झडले आणि मनात अन्नाखेरीज विषय उरला नाही. आमच्या विद्यार्थ्याची घेरी ही त्याच वाटेची पहिली पायरी होती. शिवाय धावण्याने थकून तो उरलेला दिवस लोळून काढी, ते त्याने वहीत लिहिलेच नव्हते! आणि वजन घटले की चढणीच्या गुणाकारातले वस्तुमानही घटते. तोच गड मग कमी खर्चात चढला जातो.

मग जमाखर्च कसा जुळवावा? मी त्याला दोन्ही बाजूंना थोडेथोडे हलवायला सांगितले. दुपारचा डबा पुन्हा सुरू. त्यात उसळ किंवा डाळ असलीच पाहिजे. रात्रीच्या जेवणातून अर्धी भाकरी कमी: १२० किलोकॅलरी. सपाटीवर चालताना शरीराच्या दर किलोला दर किलोमीटरमागे विश्रांतीपेक्षा सुमारे अर्धी किलोकॅलरी जास्त लागते. म्हणून रोज चार किलोमीटर चालणे म्हणजे १४०. दोन्ही मिळून २६०. ७७०० ला २६० ने भागले की महिन्याला एक किलो. काटकसरीमुळे प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमीच. "इतकं हळू?" तो म्हणाला. हळूच. जोडीला जोर-बैठका, कारण वापरातले स्नायू आणि पोटात जाणारी प्रथिने असली तर घट मुख्यतः चरबीची होते. नुसत्या उपासात चरबीबरोबर स्नायूही बरेच जातात.

यात एक अट आहे. तुमच्या वयात हाडे आणि स्नायू अजून वाढत असतात. त्यामुळे वरचा हिशेब समजून घ्या, पण स्वतःवर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा त्या वयात वजन आहे तिथेच राखले की उंची वाढून प्रमाण आपोआप जुळते. आमच्या विद्यार्थ्यालाही मी आधी डॉक्टरांकडेच पाठवले होते.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग देतो. शाळेच्या जिन्याच्या एका पायरीची उंची पट्टीने मोजा आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणा. समजा ती तीन मीटर भरली आणि तुमचे वजन ५० किलो आहे. कार्यक्षमता वीस टक्के धरून एकदा जिना चढण्याचा खर्च काढा. चहातल्या चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखरेत २० किलोकॅलरी असतात. त्यासाठी जिना किती वेळा चढावा लागेल? माझे उत्तर अकरा ते बारा वेळा येते. तुमच्या जिन्याचे काय येते ते पाहा.